वस्तीतील वटवाघळे व घुबडे : उपयोग, उपद्रव आणि उपाय

दिवस मावळला, की शेतकऱ्याचे काम संपते. गुरे गोठ्यात येतात, अवजारे जागच्या जागी लागतात आणि शेत निर्मनुष्य होते. परंतु शेतातील हालचाल मात्र थांबत नाही. कापूस, तूर व हरभऱ्यावरील अळीचे पतंग याच वेळी पिकावर अंडी घालीत फिरू लागतात. भातावरील तुडतुडे एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उडतात. उंदीर बिळातून बाहेर पडून कणसांकडे वळतात. शेतकरी झोपी गेल्यावर ही सर्व नासाडी सुरू होते.

आणि नेमक्या याच वेळी देवळाच्या शिखरातून, पडक्या वाड्याच्या तुळईमागून, शाळेच्या कौलांखालून व गोदामाच्या पोटमाळ्यावरून या शत्रूंचे भक्षक बाहेर पडतात. दिवसा अशुभ म्हणून ज्यांना दगड मारले जातात, धूर करून ज्यांना हाकलले जाते, ती वटवाघळे व घुबडे हेच ते भक्षक होत. ती आपल्या आश्रयाला राहतात आणि आपल्याच शेतावर जेवतात. त्यांच्यापैकी काही फळबागांचे नुकसान करतात आणि काहींपासून रोगाचे भयही असते, हे खरे आहे. म्हणून सरसकट मारणे जसे चुकीचे, तसे सरसकट दुर्लक्ष करणेही चुकीचे. कोणता प्राणी कोठे राहतो, काय खातो व त्यास कोठे राहू द्यावे, हे ओळखून वागणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. त्याची माहिती पुढे दिली आहे.

मनुष्याची बांधकामे व प्राण्यांची निवड

वन्य प्राणी म्हणजे रानातच राहणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक प्राण्याला रान व गाव हा भेद ठाऊक नसतो. त्याला हवा असतो आडोसा, अन्न आणि निर्भयता. या तीन गोष्टी जेथे मिळतील ते त्याचे घर. मनुष्य आपल्या सोयीसाठी बांधकाम करतो, परंतु न कळत तो प्राण्यांसाठी डोंगर, कडे व गुहाच निर्माण करीत असतो. किल्ल्यातील अंधारकोठडी व देवळाचा गाभारा ही वटवाघळांच्या दृष्टीने गुहा होय. कौलांखालची फट म्हणजे झाडाची सुटलेली साल. गोदामाचा माळा म्हणजे कड्यातील कपार, आणि दाट वाढलेला ऊस म्हणजे उंच गवताचे रान. पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात बिबट्या पिढ्यान्‌पिढ्या उसातच वाढू लागला, त्याचे एक मोठे कारण हेच.

या गोष्टीचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात घडले. तेथील ऑस्टिन या राजधानीच्या शहरात १९८० साली नदीवरील एका मोठ्या पुलाची पुनर्बांधणी झाली. पुलाखाली पाऊण ते एक इंच रुंदीच्या खोल फटी राहिल्या. त्या फटी मेक्सिकन जातीच्या वटवाघळांना राहण्यास अगदी योग्य ठरल्या आणि लक्षावधी वटवाघळे तेथे येऊन राहिली. आरंभी नागरिक भयभीत झाले व त्यांना नष्ट करण्याची मागणी झाली. पुढे १९८६ पासून तेथे वटवाघळांविषयी लोकशिक्षणाचे कार्य सुरू झाले. ही वटवाघळे कोणाच्या वाटेस जात नाहीत व रात्री प्रचंड प्रमाणात कीटक खातात, हे लोकांना पटले. आज उन्हाळ्यात त्या पुलाखाली सुमारे १५ लाखांपर्यंत वटवाघळे असतात आणि संध्याकाळी त्यांचे थवे उडताना पाहण्यास लोक दुरून येतात. पूल तोच, प्राणीही तोच. बदलले ते लोकांचे ज्ञान.

वटवाघळांचे दोन वर्ग

वटवाघूळ हा पक्षी नव्हे. ते पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी होय, आणि पंखांनी खरोखर उडणारा सस्तन प्राणी एवढा एकच आहे. जगात त्याच्या १,४०० हून अधिक जाती आहेत व भारतात सव्वाशेच्या आसपास जाती आढळतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग फळे खाणाऱ्यांचा. त्यांतील सर्वांत मोठे वटवाघूळ वड, पिंपळ, चिंच अशा उंच झाडांवर उघड्यावर शेकडोंच्या संख्येने उलटे लटकलेले दिसते. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी चार फूट वा त्याहूनही अधिक भरते. त्याचे तोंड कोल्ह्यासारखे लांबट, डोळे मोठे व कान साधे असतात. याच वर्गातील दुसरी एक मध्यम जात गुहा, जुन्या इमारती व पडक्या विहिरी यांत राहते, तर तिसरी लहान जात ताडाच्या पानांआड लपते.

दुसरा वर्ग कीटक खाणाऱ्यांचा. ही वटवाघळे आकाराने लहान असतात. आपल्याकडील सर्वांत लहान जातीचे वजन अवघे दोन-तीन ग्रॅम, म्हणजे एखाद्या नाण्याइतके असते. ती कौलांखाली, भिंतीच्या भेगांत व दाराच्या चौकटीमागे राहते. किल्ले, लेणी व जुन्या देवळांत राहणाऱ्या एका जातीला उंदरासारखी लांब शेपटी असते. या वर्गातील वटवाघळांचे डोळे बारीक व कान मोठे असतात. दिव्याखाली संध्याकाळी गरगर फिरणारी लहान वटवाघळे ती हीच.

या दोन्ही वर्गांविषयी गावोगाव काही खोट्या समजुती आहेत. वटवाघूळ आंधळे नसते. ते केसांत अडकत नाही. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात केवळ तीन जाती असून त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत आहेत. भारतात एकही नाही.

कीटकभक्षी वटवाघळांचे रात्रीचे काम

अंधारात वटवाघळास भक्ष्य कसे सापडते, हे कोडे १९३८ साली अमेरिकेतील डोनाल्ड ग्रिफिन या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह सोडविण्यास आरंभ केला. मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा अतिशय उच्च स्वर वटवाघूळ काढते, तो स्वर कीटकावर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून त्यास कीटकाची जागा, अंतर व गती कळते. यामुळे मिट्ट काळोखातही उडता पतंग त्याच्या तावडीतून सहसा सुटत नाही.

लहान वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कीटक खाते. पिलास पाजणारी मादी त्याहूनही अधिक खाते. एखाद्या जुन्या देवळात दहा ग्रॅम वजनाची पाचशे वटवाघळे आहेत असे धरले, तर त्या सर्वांचे वजन पाच किलो होते. म्हणजे ती दर रात्री दीड ते अडीच किलो कीटक खाणार. त्यांत डास असतात, भुंगेरे असतात, तुडतुडे असतात आणि पिकावर अंडी घालावयास निघालेले पतंगही असतात. अळीचा एक मादी पतंग शेकडो अंडी घालतो. तो अंडी घालण्यापूर्वीच खाल्ला गेला, तर शेकडो अळ्या जन्मासच येत नाहीत. फवारणी अळी झाल्यावर करावी लागते, वटवाघूळ मात्र अळी होण्यापूर्वीच काम करते, हा यातील विशेष होय.

या कामाची किंमत काही ठिकाणी मोजण्यात आली आहे. टेक्सासच्या दक्षिण-मध्य भागातील कापूस पिकवणाऱ्या आठ तालुक्यांएवढ्या प्रदेशात वटवाघळे बोंडअळीचे पतंग खाऊन वर्षाकाठी सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर किमतीचे कीडनियंत्रण करतात, असा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झाला. ती बोंडअळी आपल्याकडील कापूस, तूर व हरभऱ्यावरील घाटेअळीची जवळची नातलग आहे. थायलंडमध्ये भातावरील तुडतुडे खाणाऱ्या एका जातीचा अभ्यास झाला. त्या एका जातीमुळे वाचणारा भात वर्षाला सुमारे २६,००० माणसांच्या जेवणास पुरेल इतका आहे, असे २०१४ साली मांडण्यात आले.

वटवाघळे नाहीशी झाली तर काय होते, याचा धडाही अमेरिकेनेच घेतला. २००६ साली न्यूयॉर्क राज्यात शीतनिद्रा घेणाऱ्या वटवाघळांवर एक बुरशीजन्य रोग आढळला आणि पुढील वर्षांत तो पसरून लक्षावधी वटवाघळे मेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की ज्या जिल्ह्यांत वटवाघळे मेली तेथील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला. जे काम रात्री फुकट होत होते, त्यासाठी त्यांना गाठीचा पैसा मोजावा लागला.

हे आकडे परदेशातील आहेत. ते जसेच्या तसे आपल्या शेतास लावू नयेत. तसेच वटवाघळे आहेत म्हणून पिकाची पाहणी, कामगंध सापळे वा वेळेवरची फवारणी सोडून द्यावी, असेही नाही. परंतु ती ज्या बाजूने काम करतात ती शेतकऱ्याची बाजू आहे, एवढे मात्र यावरून निश्चित होते.

गव्हाणीतील घुबड

पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याच्या घुबडास मराठीत गव्हाणी घुबड म्हणतात. गोठ्याच्या गव्हाणीशी जोडलेले हे नावच त्याचा माणसाशी असलेला जुना संबंध सांगते. गोठे, धान्याची कोठारे, देवळांचे कळस व ओसाड वाडे यांत ते राहते, कारण धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे घुबड. दुसरा नेहमी दिसणारा लहान घुबडाचा प्रकार म्हणजे पिंगळा. तो आंब्याच्या ढोलीत वा भिंतीच्या भोकात राहतो व किडे आणि लहान उंदीर खातो.

गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवर जगते. एका घुबडास रात्रीला दोन-तीन उंदीर लागतात आणि घरट्यात पिले असली, तर नर व मादी रात्रभर उंदीर वाहून आणतात. हे खरे की खोटे, याची परीक्षा प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास करता येते. घुबड उंदीर गिळते, परंतु केस व हाडे त्यास पचत नाहीत. ती अंगठ्याएवढ्या काळपट गोळीच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकली जातात. घुबड बसते त्या जागेखाली अशा गोळ्या पडलेल्या असतात. एक गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलावी. तिच्यात उंदरांच्या कवट्या, पिवळसर पुढचे दात व केस दिसतील. काम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. गावच्या सभेत वा शाळेत हा प्रयोग करून दाखविल्यास घुबडाविषयीचा ग्रह जितका लवकर दूर होईल, तितका तो शंभर व्याख्यानांनी होणार नाही.

जुन्या इमारतींत व पडक्या विहिरींत राहणारे मोठ्या कानांचे एक वटवाघूळही बेडूक व मोठ्या किड्यांबरोबर लहान उंदीर मारून खाते.

इस्राएलमध्ये १९८३ पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या बसविण्याचा प्रयोग सुरू झाला व पुढे शेजारच्या जॉर्डनमधील शेतकऱ्यांनीही तो स्वीकारला. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांतही उंदरांच्या बंदोबस्तासाठी अशा पेट्या लावल्या जातात.

येथे विषाविषयी एक सूचना आवश्यक आहे. रक्त गोठू न देणारी जी उंदीरनाशके आहेत, ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तपणे हिंडतो आणि घुबडास सहज सापडतो. त्याच्या मांसातील विष मग घुबडाच्या पोटात जाते. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर अनेक पिले देते व वर्षातून अनेक वेळा विते. वटवाघळाच्या बहुतेक जातींस मात्र वर्षात एक वा दोनच पिले होतात. घुबडही उंदराच्या वेगाने वाढत नाही. म्हणजे विषाने मेलेल्या उंदरांची भरपाई काही महिन्यांत होते, पण त्यांच्या भक्षकांची भरपाई होण्यास वर्षे लागतात. म्हणून विष वापरावेच लागले, तर ते बिळात टाकून बीळ बुजवावे, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत आणि शक्य तेथे सापळ्यांवर भर द्यावा.

फळभक्षी वटवाघळे : नुकसान व उपकार

फळबागाईतदाराची तक्रार खरी आहे. पेरू, चिकू, केळी, आंबा व द्राक्षे ही फळे पिकू लागली, की वटवाघळे येतात. परंतु उपाय करण्यापूर्वी नुकसान कोणी केले हे पाहावे. पोपट व खारी दिवसा येतात. वटवाघूळ रात्री येते, फळ तोडून जवळच्या दुसऱ्या झाडावर नेते, रस गिळते आणि चोथा थुंकून टाकते. झाडाखाली असा चोथा व दातांच्या खुणा असलेली अर्धवट फळे आढळली, तर ते काम वटवाघळाचे समजावे. बाजारासाठी जी फळे पिकण्यापूर्वीच उतरविली जातात त्यांचे नुकसान कमी होते. झाडावरच पिकू दिलेल्या फळांचे अधिक होते.

याच वटवाघळांचे उपकारही मोठे आहेत. मोह, सावर व गोरखचिंच यांच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर ती मधासाठी जातात व परागीकरण करतात. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ व मोह यांची फळे खाऊन त्यांचे बी ती दूरदूर टाकतात. बांधावर, ओढ्याकाठी व उजाड टेकडीवर कोणी न लावता जी झाडे उगवतात, त्यांतील पुष्कळ अशीच आलेली असतात.

बागेच्या रक्षणासाठी पुढील उपाय योजावेत.

१. फळे वेळेवर उतरवावीत. पिकलेली, फुटलेली व खाली पडलेली फळे रोज गोळा करावीत, म्हणजे वासाने वटवाघळे आकर्षित होणार नाहीत.

२. पेरू, आंबा यांसारख्या फळांना कागदी वा कापडी पिशव्या बांधाव्यात. त्यामुळे फळमाशीपासूनही रक्षण होते.

३. द्राक्षबागेवर वा लहान झाडांवर जाळी लावावी. जाळीची छिद्रे करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक असावीत आणि जाळी ताणून बांधावी. सैल व मोठ्या छिद्रांच्या जाळीत वटवाघळे, घुबडे व साप अडकून मरतात आणि जाळीही फाटते.

४. बागेभोवती काटेरी तारांची सर्वांत वरची ओळ शक्यतो साध्या तारेची ठेवावी. काट्यांत पंख अडकून प्राणी तडफडत मरतात.

५. वस्तीचे झाड तोडू नये. एखाद्या गावी वटवाघळे राहतात तो वड तोडला, तर ती नाहीशी होत नाहीत. तो थवा फुटून घरांजवळच्या इतर झाडांवर विखुरतो आणि एका ठिकाणचा त्रास दहा ठिकाणी होतो.

घर, शाळा व गोदामातून दूर करणे

देवळाच्या शिखरात वा पडक्या वाड्यात वटवाघळे असतील, तर त्यांना तेथेच राहू द्यावे. परंतु राहत्या घरात, शाळेच्या वर्गात, दवाखान्यात व धान्याच्या गोदामात ती असू नयेत. तेथून त्यांना दूर करणे योग्य आहे, मात्र त्याची पद्धत आहे. धूर, आग, विष वा दगड यांचा उपयोग करू नये. धुराने गुदमरून पिले आतच मरतात, दुर्गंधी सुटते आणि घाबरलेली मोठी वटवाघळे माणसांच्या अंगावर पडतात.

प्रथम दोन-तीन दिवस संध्याकाळी बाहेर उभे राहून ती कोणत्या फटीतून बाहेर पडतात हे नीट पाहावे. ती मुख्य फट सोडून इतर सर्व भोके बुजवावीत. मुख्य फटीवर बारीक छिद्रांच्या जाळीचा दोन-तीन फूट लांबीचा तुकडा वरून व बाजूंनी पक्का करून खालून मोकळा सोडावा. आतील वटवाघूळ भिंतीस धरून खाली सरकत बाहेर पडते, परंतु परत येताना त्यास आत शिरता येत नाही. चार-पाच रात्री गेल्यावर आत कोणी उरले नाही याची खात्री करून फट चुना-सिमेंटने बंद करावी.

हे काम पिलांच्या दिवसांत करू नये. आपल्याकडील अनेक जातींना उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी पिले होतात. त्या वेळी आया बाहेर राहतात व उडता न येणारी पिले आत उपाशी मरतात. म्हणून हिवाळ्याच्या आरंभीचे दिवस सोयीचे समजावेत व तेव्हाही आत पिले नाहीत हे पाहून घ्यावे.

आरोग्याची काळजी

वटवाघळांपासून रोगाची शक्यता असते. तिचे भय बाळगण्याचे कारण नाही, पण तिची उपेक्षाही करू नये. निपा या विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान मोठी फळभक्षी वटवाघळे होत. भारतात हा रोग प्रथम २००१ साली सिलिगुडी येथे आढळला. केरळात २०१८ साली आलेल्या साथीत १७ माणसे दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांतही या विषाणूचा पुरावा मिळाला. यास्तव पुढील पथ्ये पाळावीत.

कुरतडलेली वा दातांची खूण असलेली फळे माणसांनी खाऊ नयेत, गुरांना व डुकरांनाही घालू नयेत. इतर फळे धुऊन खावीत. शिंदीची नीरा काढताना मडक्याचे तोंड व कापलेली जागा झाकावी. जखमी, पडलेल्या वा मेलेल्या वटवाघळास उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्रात जावे व श्वानदंशावर देतात ती लस घ्यावी. पडक्या, वापर नसलेल्या विहिरीत वटवाघळे असतील, तर त्या विहिरीचे पाणी पिण्यास वापरू नये.

वटवाघळांची विष्ठा नत्र व स्फुरदयुक्त उत्तम खत आहे. परंतु साचलेल्या सुक्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसाचा बुरशीजन्य रोग होऊ शकतो. बंद जागेतील विष्ठा कोरडी झाडू नये. तोंडा-नाकास घट्ट मुखपट्टी बांधून, प्रथम पाणी शिंपडून, मग ती गोळा करावी व कंपोस्टच्या खड्ड्यात कुजवूनच शेतात घालावी. खतासाठी वस्तीच्या गुहेत शिरून वटवाघळांना उठवू नये.

कायदा काय सांगतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक जात वगळता फळभक्षी वटवाघळांची गणना उपद्रवी प्राण्यांत केलेली होती. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली व उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द झाली. त्यामुळे पूर्वी मारण्यास मोकळीक होती म्हणून आजही आहे, असे समजू नये. घुबडास या कायद्याचे संरक्षण असून ते पकडणे, मारणे वा विकणे हा गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडण्याचे प्रकार घडतात. असे काही आढळल्यास ग्रामकार्यकर्त्याने त्वरित वनविभागास कळवावे. उपद्रव फारच असेल, तरीही प्रथम वनविभागाचा सल्ला घ्यावा.

गावाने काय करावे

गावे बदलत आहेत. कौले जाऊन सिमेंटचे सपाट स्लॅब येतात, जुने वाडे पाडले जातात, रस्ते रुंद होताना जुने वड व चिंचा तुटतात. चिमणीच्या घरट्याची जागा जशी गेली, तशीच घुबडाची ढोली व वटवाघळाची फटही जात आहे. म्हणून थोडी योजना आवश्यक आहे.

शेताच्या बांधावर, घरापासून दूर, बारा ते पंधरा फूट उंचीवर, सावलीच्या बाजूस घुबडासाठी लाकडी पेटी बसवावी. ती दोन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असावी आणि प्रवेशाचे भोक पाच-सहा इंचांचे ठेवावे. हरभरा, तूर व कपाशीच्या शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे रोवावेत. दिवसा त्यांवर कोतवाल व साळुंकी बसून अळ्या टिपतात, रात्री त्यांवरूनच घुबड व पिंगळा उंदरांवर झेप घेतात. वस्तीच्या झाडाजवळून वीजतारा जात असतील, तर तारांतील अंतर वाढविण्याची वा आवरणाच्या तारा घालण्याची विनंती ग्रामपंचायतीने वीज कंपनीस करावी, कारण मोठी वटवाघळे दोन तारांना एकाच वेळी स्पर्श होऊन मरतात. देऊळ वा वाडा यांचा जीर्णोद्धार करताना वटवाघळे राहतात तो कोपरा पिलांच्या दिवसांत उकरू नये व तेथे रात्रभर प्रखर दिवे लावू नयेत. तमिळनाडूतील काही गावांनी आपल्या झाडावरील वटवाघळे उडून जाऊ नयेत म्हणून दिवाळीतील फटाके स्वखुशीने बंद केले आहेत. तेथे जे साधले ते आपल्याकडे न साधण्याचे कारण नाही.

प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने आपल्या गावातील वटवाघळांच्या व घुबडांच्या वस्तीची एक साधी यादी करावी. जागा कोणती, संख्या अंदाजे किती, फळभक्षी की कीटकभक्षी, आणि ती राहत्या जागेत आहेत की बाहेर, एवढे लिहिले तरी पुरे. दर वर्षी एकदा ती यादी पडताळावी. ज्या वस्त्या घरांपासून दूर आहेत त्या जपाव्यात व ज्या घरांत आहेत त्या वर सांगितलेल्या रीतीने हलवाव्यात.

शेतात दिवसा राबणाऱ्यास मजुरी द्यावी लागते. रात्री राबणारा हा मजूर काही मागत नाही. त्यास हवी एक ढोली, एक फट, एक जुने झाड. तेवढे राखणे हे भूतदयेचे काम तर आहेच, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पिकाच्या रक्षणाचेही काम आहे.